पाळण्याचं कार्ड

माझी बायको गेली त्याला येत्या पौर्णिमेला वर्ष होईल असं मी धरून चाललो होतो. सुनेनं कॅलेंडर बघून सांगितलं, पौर्णिमेला नाही, आधीच्या त्रयोदशीला. मला तिथी ध्यानात राहत नाहीत. ती गेली ती सकाळ ध्यानात आहे, तेवढी पुरे.

वर्षश्राद्धाला फोटो लागतो. पाहुणे येतात, हार घालतात, हात जोडतात, मग जेवायला बसतात. हात जोडायला समोर काहीतरी पाहिजे. आमच्याकडं तिचा फोटोच नव्हता. आधार कार्डावर होता तेवढाच. तो काढला तेव्हा तिच्या अंगात ताप होता. तोंड उघडं पडलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. दहाव्याला तेच कार्ड पाटावर ठेवून भागवलं आणि पोरगा म्हणाला, वर्षश्राद्धाला चांगला मोठा करून आणू.

पोरगा लोणी देवकरला कारखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी इंदापुरात जाऊन त्यानं स्टुडिओतून फोटो करून आणला. सोनेरी चौकट, वर खाकी कागद. कागद काढला तर आत एक बाई. गोरीपान. दोन्ही डोळे टक्क उघडे. अंगावर जांभळी पैठणी, गळ्यात कुणाचे तरी दागिने. आणि कपाळ कोरं. आमच्या हिच्या कपाळावर गोंदण होतं, कुंकवाच्या खाली, तिळाएवढं हिरवं. ते पुसलेलं.

मी विचारलं, "ही कोण?"

"तात्या, आई हाय."

"कुणाची?"

सून आतल्या दारात उभी होती. तिनं तोंडावर ओढणी धरली.

पोरगा म्हणाला, "त्यांनी जरा साफ केलाय फोटो. डाग काढलं. तसंच करत्यात आता सगळी."

"डाग? गोंदण हुतं ते. मेल्यावर बाई बदलून दिली व्हय रे मला?"

पोरगा खाली पडलेला खाकी कागद गोळा करायला लागला. कामावरून दमून येतो, त्याचीही काय चूक. पण मी चौकट उचलली आणि तोंड भिंतीकडं करून खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी झाडताना सून म्हणाली, "तात्या, पाव्हणं काय म्हणत्याल? सासूला भिंतीकडं तोंड करून टांगलीय."

"सासू न्हाय ती. परकी बाई हाय. परक्याच्या घरात लाजू दे तिला."

"मग दुसरा फोटू आणा की तुमी. आत्याबाई कुठल्याबी फोटूत नीट न्हाईत. आमच्या लग्नाचा अल्बम बघा. जिथं बघावं तिथं त्यांची पाठ."

ते खरं होतं. अल्बममध्ये हिची पाठ, हिचा पदर, हिचा हात, ओवाळणीचं ताट धरलेला. कॅमेरा दिसला की ती आत जायची. लोक म्हणायचे, लाजरी आहे. लाजरी कसली. ते माझ्यामुळं होतं. मी तिचा एकदाच फोटो काढवला होता आणि त्या दिवशी तिनं सांगितलं होतं, पुन्हा फोटोचं नाव काढायचं नाही.

तो फोटो छापला होता. हजारो लोकांच्या घरी गेला होता. माझ्या घरात तेवढा नव्हता.

बारामतीहून इंदापूरकडं येताना रस्त्याच्या अंगाला एक बाग होती. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण ते कुणी घेत नव्हतं. एसटीचा कंडक्टर 'पार्क' म्हणायचा, बायका बाग म्हणायच्या. पाण्याचा हौद, त्यात बोटी. पोरांची आगगाडी, तिचं इंजिन म्हणजे जुन्या जीपचं तोंड, पत्रा ठोकून वर नळकांडं बसवलेलं. एक आरशांची खोली, तिच्यात जाडा माणूस काडी दिसायचा आणि काडीसारखा माणूस जाडा. आणि आकाशपाळणा. पाळणा माझ्याकडं होता. मी चौथी शिकलेला, पण डिझेल इंजिन मला कळायचं, म्हणून बागेच्या शेठनी ठेवलं. ही सातवी पास. तिला तिकिटाच्या खिडकीत बसवली. नवराबायको दोघं एकाच ठिकाणी नोकरीला, असं त्या काळी आमच्याकडं कुणी नव्हतं. भावकी हसायची.

पाळण्याचं सगळं वजनात असतं. बघणाऱ्याला वाटतं इंजिन फिरवतं. इंजिन नुसतं ढकलतं. आठ पाळणे होते. एकात जोडपं बसवलं की लगेच समोरच्या पाळण्यात तेवढ्याच वजनाचं जोडपं बसवायचं. नाही बसवलं की जड बाजू खाली धाव घेते, पट्टा घसरतो आणि माणसं बोंब मारतात. म्हणून मी रांगेतल्या माणसाचं तोंड कधी बघितलं नाही, अंग बघितलं. हा जड, ही हलकी, ह्या म्हातारीच्या समोर ती दोन पोरं. चोवीस तास माणसं तोलत होतो. घरी पाहुणा आला तरी आधी वजन कळायचं, मग नातं.

दोन-तीन वर्षं चाललं तसं शेठनी ठरवलं, रंगीत कार्डं छापायची. तिकिटाबरोबर एक कार्ड. पुढं बागेचं चित्र, मागं लिहायला कोरी जागा. गेटवर लाल पेटी बसवली. माणसानं फिरावं, लिहावं, पेटीत टाकावं. बारामतीचा एक फोटोवाला बोलावला. उंच, काडीसारखा. त्यानं गेट काढलं, हौद काढला, आगगाडी काढली आणि दोन दिवसांनी सकाळी पाळणा काढायला आला.

बाजाराचा दिवस होता, बागेत गिऱ्हाईक नाही. शेठ म्हणाले, "रिकामा पाळणा छापू नका. लोकं म्हणत्याल बंद पडलाय." मी हिला खिडकीतून बोलावलं. हिरवं लुगडं होतं अंगावर. ती बसली. रोज तिकिटं द्यायची, पण पाळण्यात ती त्या दिवशी पहिल्यांदा बसली. मी कधी म्हटलंच नव्हतं, बस म्हणून.

फोटोवाला म्हणाला, "खालून दुसऱ्या जागी थांबवा, तोंड चांगलं येईल."

मी म्हटलं, "खाली काय? खाली बाजेवर पण बसता येतं. पाळणा म्हटल्यावर वर पाहिजे."

तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. तिला नेऊन पार शेंड्याला थांबवली. इंजिनाचा धूर फोटोत यायला लागला म्हणून इंजिन बंद केलं आणि ब्रेकचा लाकडी ठोकळा ठोकून बसवला. त्यानं फोटो काढला. झालं. मग मी इंजिनाला हँडल मारलं. एकदा मारलं, दहादा मारलं. इंजिन गप्प.

आता पाळणेवाल्यालाच कळेल काय झालं होतं. एकटी बाई वर, बाकी सगळा पाळणा रिकामा, इंजिन बंद. ब्रेक सोडला असता तर ती दगडासारखी खाली आली असती. सोडायचा तर बरोबर तिच्याएवढं वजन खालच्या पाळण्यात पाहिजे. आणि जगाचं वजन डोळ्यानं करणाऱ्या मला आपल्या बायकोचं वजन सांगता येईना. रांगेत उभी असलेली मी तिला कधी बघितलीच नव्हती.

मी खालून ओरडलो, "अगं ए, वजन किती तुझं?"

मी परत हाक मारली.

"वजन सांग! तेवढा माणूस हितं बसवायचा हाय!"

शेठ उभे, गेटवरचा म्हातारा उभा, भेळवाला उभा. भेळवाला म्हणाला, "माझं चुरमुऱ्याचं पोतं टाकू का?" म्हातारा म्हणाला, "चुरमुऱ्यानं काय हुतंय, वहिनी चांगल्या खात्यापित्या घरच्या हायती." सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. शेवटी शेंगांचं अर्धं पोतं आणि त्याच्यावर फोटोवाला, असा अंदाज बांधला. ब्रेक सैल करून हातानं आरे ओढत तिला खाली घेतली. ती खाली आली तसा फोटोवाला शेंगांसकट वर गेला. ती उतरली, माझ्याकडं न बघता खिडकीत जाऊन बसली. तो बिचारा इंजिन चालू होईपर्यंत वर बसून माझ्या नावानं शंख करत होता.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट सरकवायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. नवव्या दिवशी म्हणाली ते एवढंच, पुन्हा फोटोचं नाव काढायचं नाही. मी समजलो, वर फार घाबरली असणार. मी काही विचारलं नाही. विचारायची पद्धत माझ्यात नाही.

कार्ड छापून आलं. छापखान्यानं तिचं हिरवं लुगडं लाल करून टाकलेलं. तोंड बाजरीच्या दाण्याएवढं.

पुढं बाग बंद झाली. हौदाला पाणी कालव्याचं. कालवा सुटला की बोटी चालायच्या, नाही सुटला की हौदात पोरं क्रिकेट खेळायची. शेठ थकले. त्यांची पोरं पुण्याला. पाळणा गॅसनं कापला तेव्हा मी तिथं नव्हतो, मुद्दाम नव्हतो. शेवटच्या दिवशी शेठनी उरलेल्या कार्डांचे गठ्ठे मला दिले, म्हणाले न्या आठवण म्हणून. मी ते घरी नेले आणि त्या थंडीत अंघोळीचा बंब त्यांच्यावर पेटवला. जाड कागद, पटकन धरायचा. रोज सकाळी दहा-बारा कार्डं. ती बंबाजवळ बसून बघायची. मला वाटायचं, तिलाही तेच बरं वाटतंय.

एवढं सगळं सुनेला कसं सांगणार. एवढंच म्हटलं, "एक फोटू हुता. बघतो मिळतोय का." आणि एसटीनं बारामतीला गेलो.

पार्कचा थांबा अजून आहे. कंडक्टर अजून 'पार्क' म्हणतो, दोन-चार माणसं उतरतात आणि गोदामांकडं चालायला लागतात. पाळणा होता तिथं आता ट्रकचा वजनकाटा आहे.

फोटोवाला जिवंत होता. स्टुडिओच्या जागी पुतण्या मोबाईलची कव्हरं विकतो आणि हा आत खुर्चीत बसलेला. अजून काडीच. कानानं कमी ऐकतो. मला बघितलं आणि पहिलं वाक्य, "पाळणेवाले! मला वर टांगून चहा प्यायला गेला हुता तुमी."

"चहा न्हाय, डिझेल आणायला गेलो हुतो."

"कप हुता हातात. वरून सगळं दिसतं."

मी बायको गेल्याचं सांगितलं. त्यानं हात जोडले. फोटोचं सांगितलं. तो उठला, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. निगेटिव्ह ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या, त्यांची वडी झालेली. तिच्याखाली दोन कार्डं निघाली. एकावर गेट. सिमेंटचे दोन हत्ती सोंडेला सोंड लावून. डाव्या हत्तीचा सुळा पहिल्याच महिन्यात मोडला होता, लोक पोरांना त्याच्यावर लोंबकळत ठेवायचे. कार्डावर तो शाबूत. दुसऱ्यावर हौद, काठोकाठ भरलेला, बोटीत टोपीवाले चार पाहुणे. मी ते दोन्ही हातात धरून बसलो. बाग डोळ्यापुढं आली, पण ज्याच्यासाठी आलो होतो ते नव्हतं.

"पाळण्याचं?"

"पाळण्याचं कसं राहील? तेच तर सगळ्यात जास्त खपलं. तुमीच नव्हं का म्हणायचा, नव्या नवऱ्या तेच मागत्यात."

मागायच्या खऱ्या. लग्न झालं की जोडपं जेजुरीला जायचं, देव करायचं आणि परत जाताना बागेत एक फेरी. नवरीला माहेरी काहीतरी कळवायचं असायचं. निम्म्या पोरींना लिहिता यायचं नाही. त्या खिडकीशी यायच्या आणि आमची ही लिहून द्यायची. रांग लागायची तिकिटाला आणि ही बसली लिहीत. मी इकडून ओरडायचो, "तिकिटं फाडा आधी!" ती आधी पोरीच्या नवऱ्याला हाकलायची. "जा, शेंगा घेऊन या," म्हणायची. नवरा गेला की पोरीशी काहीतरी बोलायची, मग लिहायची. मला वाटायचं, भेळवाल्याचा धंदा वाढवतेय.

फोटोवाला म्हणाला, "कार्डं बागेत न्हाईत, पाळणेवाले. पोरींच्या माहेरी हायती. पर कुणाकुणाच्या दारात जाणार?"

खरं होतं. गेट आणि हौद त्यानं मला देऊन टाकले. ते घेऊन घरी आलो.

सुनेनं दोन्ही कार्डं हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाली, "तात्या, असलं एक आमच्यात हाय."

"कुठं?"

"माहेरी. तारेला. माझ्या आत्याचं लग्न झाल्यावर आलेलं. त्याच्यावर गोल चक्र हाय लोखंडाचं. आमी ल्हानपणी म्हणायचो, सायकलचं चाक हाय."

माझ्या घरात सात वर्षं नांदतेय ही पोर. आणि मी बारामतीला गेलो होतो.

तिचं माहेर लोणी भापकर. दुसऱ्या दिवशी ती आणि मी निघालो. व्याही माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना आबा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. पाणी झालं, चहा झाला. सुनेनं सांगितलं कशाला आलोय ते. आबा उठले आणि आतल्या खोलीच्या तुळईवरून तार काढून आणली.

पूर्वी घरोघर असायची. जाड तार, खाली लाकडाची चकती, वर आकडा. पत्र आलं, वाचून झालं, की तारेत टोचायचं. जुनं खाली, नवं वर. ह्या तारेवर हातभर पत्रं होती, चुलीच्या धुरानं काळपट झालेली. आबांनी चटईवर फडकं अंथरलं आणि एकेक पत्र वरून काढून पालथं घालायला लागले, म्हणजे परत घालताना क्रम मोडू नये. कुणाच्या मयताचं, कोपरा फाडलेलं. कुणाच्या साखरपुड्याचं. साखर कारखान्याच्या सभेची नोटीस. मी म्हटलं, "आबा, नोटीस तरी काढून टाका." ते म्हणाले, "आमच्या आईनं टोचलीय. राहू द्या."

ते जवळजवळ चकतीपाशीच होतं. लाल-पिवळा रंग अजून होता. भोक बरोबर पाळण्याच्या आसातून गेलेलं. वर शेंड्याला एक लाल ठिपका. मी म्हटलं, "हीच."

"कुठं?" सून वाकली.

"वर. शेंड्याला."

"तात्या, हे तर नुसतं..." आणि ती थांबली.

आबांकडं पेपर वाचायचं भिंग होतं. ते आणलं. उजेडात नेऊन धरलं. मला वाटत होतं, भिंगातून ती दिसेल. घाबरलेली असेल, पदर तोंडावर असेल, कसलीही असू दे, असेल. भिंग जवळ नेलं तसं तोंड गेलंच. छपाईचे ठिपके दिसायला लागले. लाल, पिवळे, निळे, भुईमुगाच्या रानात पाखरं बसावीत तसे सुटेसुटे. भिंग लांब केलं की दाणा. जवळ केलं की ठिपके. मधे कुठंच ती नाही.

मी पाच वेळा करून बघितलं. मग भिंग खाली ठेवलं. तो फोटोवाला म्हणाला होता, खालून दुसऱ्या जागी थांबवा.

आबा माझ्याकडं बघत होते. त्यांनी कार्ड उचललं, उलटं केलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्येचं खरं मोल मागच्या अंगाला हाय."

मागं निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. मी अक्षर बघितलं. हिचंच. तिचा 'ल' पोटात फुगलेला असायचा. किराणाच्या यादीवर, दुधाच्या हिशेबावर, औषधाच्या पुडीवर 'जेवल्यावर' लिहायची तेव्हाही. माझ्या घरात ते अक्षर जिकडं तिकडं होतं, मी कधी त्याच्याकडं अक्षर म्हणून बघितलं नव्हतं. यादी वाचायची आणि वाण्याकडं टाकून यायची.

मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचलं.

'तीर्थरूप आईस नमस्कार. आम्ही जेजुरी करून आज बागेत आलो. मी पाळण्यात बसले. आपलं गाव कुठल्या अंगाला ते आधी विचारून घेतलं होतं, वर गेल्यावर तिकडं तोंड करून हात जोडले. शेरडाला पाला घालत जा. पंचमीला दादाला न्यायला पाठव.'

आणि खाली, कडेला, जागा उरली नव्हती म्हणून आडवं, बारीक, 'लेक सुखात आहे. मी बघितली आहे. पत्र लिहिणारी.'

आबा म्हणाले, "आमची आई बाकीचं ऐकायचीच न्हाय. मी पत्र वाचाय लागलो की म्हणायची, ते खालचं वाच. लेकीनं सांगितलेलं पत्र, जवळ नवरा उभा, सासू उभी, त्यात खरं किती कुणाला ठावं? पर परकी बाई कशाला खोटं लिहील? मरंपर्यंत वाचून घ्यायची."

सुनेनं फोन काढला होता. तिची आत्या आता भिगवणकडं असते. तिनं फोन लावून आवाज मोठा केला आणि सगळं सांगितलं. आत्या मोठ्यानं बोलणारी.

"खिडकीतली बाई? अगं, ती तुझी सासू? देवा! आणि तू येवढी वर्सं सांगितलं न्हाईस?"

"मला कुठं ठावं हुतं?"

"माझ्या मालकांना शेंगा आणाय पाठवलं तिनं. आन मला म्हणली, आता खरं सांग. मारत्यात का? खायला घालत्यात का? मी म्हणलं, न्हाय वो, चांगली हायती. तरी तिनं माझं हात उलटंपालटं करून बघितलं. मग लिवलं ते. म्हणली, सगळ्यांच्या पत्रावर मी हे लिहीत न्हाय. जिचं खरं असंल तिच्याच."

मी पाळण्यापाशी उभा राहून ओरडत होतो, तिकिटं फाडा आधी. इतकी वर्षं ती हे करत होती आणि मला शेंगा दिसल्या.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी फोनकडं तोंड करून विचारलं, "पाळण्याचं काय म्हणली का ती? भ्या वाटतं, असलं काय?"

"कोण बोलतंय?"

"माझे सासरे," सून म्हणाली.

"आगं बया, पाळणेवाले! न्हाय वो. भ्या मला वाटत हुतं. ती म्हणली, काय भिऊ नकोस, मी एकदा वर अडकले हुते, कालवा पार लांबपर्यंत चमकत हुता, खाली यायची मला काय घाई नव्हती."

"मग आठ दिवस बोलली का न्हाय?"

फोनमधून हसण्याचा आवाज आला. "तुमी चारचौघांत तिचं वजन इचारलं म्हणून! ते बी सांगितलं तिनं. म्हणली, माझ्या मालकाला सगळ्या गावाचं वजन कळतं, माझं तेवढं इचारावं लागतं."

आबा हसले, सून हसली. मी उठून बाहेर गेलो. दारात गोठा आहे, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत थोडा वेळ उभा राहिलो.

आत आलो तर आबा पत्रं परत तारेत घालत होते. ते कार्ड तेवढं बाजूला ठेवलेलं. म्हणाले, "तारेवरचं पत्र आमी घराबाहेर देत न्हाय, पाव्हणं. आईचं तसं हुतं. पर वर्षश्राद्धाला घेऊन जावा. झालं की परत आणून द्या."

मी म्हटलं, "आणतो."

घरी येऊन पोराला दाखवलं. त्यानं आईचं अक्षर दोनदा वाचलं आणि कार्ड घेऊन इंदापूरला त्याच स्टुडिओत गेला. ह्या खेपेला मी बरोबर गेलो. तिथला माणूस चांगला होता, विचारपूस केली. म्हणाला, "मागची सगळी बाजू मोठी करून देतो, खालची आडवी ओळपण वाचता येईल. मधलं भोक आणि शाईचा डाग काढून टाकू ना?"

मी म्हटलं, "काय काढायचं न्हाय. भोक हाय तसं राहू दे, डाग हाय तसा राहू दे. धूर लागलाय तो पण राहू दे."

सोनेरी चौकट तीच वापरली. जांभळ्या पैठणीतली बाई काढून सुनेनं गुंडाळून कपाटात ठेवली. फेकू नको म्हटलं, तिचा बिचारीचा काय गुन्हा.

त्रयोदशीला पाहुणे आले. हार घालायला गेले आणि थबकले. माझा चुलतभाऊ, जो आम्ही दोघं नोकरीला लागलो तेव्हा सगळ्यात जास्त हसला होता, तो म्हणाला, "तात्या, फोटू कुठाय? हे तर कुणाच्या लेकीचं लिवलंय."

"व्हय. हात जोड आणि जेवायला बस."

सून वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होती. बायका पंगत सोडून चौकटीपाशी उभ्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या आईला असलं कुणी लिवलं असतं तर." मग तीही जेवायला बसली.

पुढच्या रविवारी कार्ड परत द्यायला गेलो. आबांनी तार काढून दिली, म्हणाले तुमीच घाला. वरची सगळी पत्रं काढून, मूळच्या भोकातूनच घातलं, नवं भोक पाडलं नाही.

हिनं स्वतःच्या माहेरी असं कार्ड कधी पाठवलं का, ते मला माहीत नाही. तिचा भाऊ गेला, घर पाडलं, तिथली तार कुठं गेली कुणाला ठाऊक. पाठवलं असेल तर खालची ओळ लिहिली असेल का, हे विचारायला आता कुणी नाही.

सकाळी अंघोळ झाली की मी चौकटीपुढं उभा राहतो. खालची ओळ आठ शब्दांची. शिकलेला माणूस बघता बघता वाचेल. मला अजून बोट ठेवावं लागतं, 'सुखात'पाशी दरवेळी थोडा अडकतो. सून म्हणते, तात्या, रोज काय वाचता, पाठ झालं असेल की आता. पाठ झालंय. पण तिच्यापुढं एवढा वेळ उभा मी कधी राहिलो नव्हतो.